कोपऱ्याच्या प्लॉटचं कंपाउंड आणि परवानगीचं काम: माझा अनुभव

आमचं घर नाशिकमध्ये म्हसरूळला, कोपऱ्याच्या प्लॉटवर. इतकी वर्षं सिमेंटचे खांब आणि काटेरी तार एवढंच कंपाउंड होतं. आता पक्की भिंत घालायची म्हणून महापालिकेच्या परवानगीचं काम, ज्यांच्याबद्दल हे लिहितेय त्या इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसला दिलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मोजणी झालीये का?" आमच्याकडे सातबारा, खरेदीखत, मंजूर लेआउट सगळं होतं, मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) मात्र नव्हती. "ताई, हद्द नक्की झाल्याशिवाय मी नकाशा काढत नाही," म्हणाले. त्याआधी एका ठिकाणी "तारेच्या रेषेत बांधून टाका, पुढचं पुढे बघू" असा सल्ला मिळाला होता. भूमी अभिलेखची मोजणी झाली तेव्हा मागच्या बाजूची तार शेजाऱ्यांच्या जागेत हातभर गेलेली निघाली. मोजणीची नोटीस गेल्यामुळे शेजारचे काका हजर होते, त्यांच्यादेखत खुणा पडल्या आणि विषय तिथेच मिटला. भिंत उभी राहिल्यावर हे कळलं असतं तर दोन घरांचं बोलणं बंद झालं असतं. या एका आग्रहासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

आमच्या ह्यांना चोरीच्या भीतीने चारी बाजूंनी सात फूट भिंत हवी होती. साहेबांनी राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली काढून समोर ठेवली. समोरच्या बाजूला भिंत रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून जास्तीत जास्त दीड मीटर, २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा. कोपऱ्यावर त्याहून कडक: दोन्ही रस्त्यांच्या बाजूंना कोपऱ्यापासून १० मीटरपर्यंत भिंत पाऊण मीटरच, त्यावर हवं तर पाऊण मीटर रेलिंग. नुसतं वाचून दाखवून ते थांबले नाहीत. साइटवर येऊन ह्यांना वळणावर उभं केलं आणि आडव्या रस्त्याने येणारी गाडी उंच भिंतीमुळे कशी दिसणार नाही ते दाखवलं. शाळेच्या रिक्षा तिथूनच वळतात. हे लगेच तयार झाले.

गेट रस्त्यावर उघडलेलं चालत नाही, आणि आत गाडी लावल्यावर पल्ला उघडायला जागा उरत नव्हती. म्हणून त्यांनी सरकतं गेट सुचवलं. तेही छान झालं.

कमी गुण दोन गोष्टींसाठी. नकाशा दुरुस्तीचे वेगळे पैसे लागतात हे आधी सांगायला हवं होतं. आणि ऑनलाइन अर्ज कुठवर आलाय हे आपण विचारल्याशिवाय कळत नाही. ऑफिसातला मुलगा फोन उचलतो, पण त्याला काही माहीत नसतं. सरकारी फीच्या पावत्या मात्र न मागता हातात दिल्या.

जाणार असाल तर संध्याकाळी जा, दिवसा साहेब साइटवर असतात. क प्रत आणि लेआउटची झेरॉक्स सोबत असू द्या.