धावणाऱ्यांचे गट जुळवणारे अ‍ॅप : साथ उत्तम, मैत्रीचा दावा अवाजवी

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर एकट्याने तयारी करून गाठणे अनेकांना जड जाते. अशा अनोळखी धावपटूंचे लहान गट जुळवून देणारी ही सेवा मी स्पर्धेपूर्वी घेतली आणि मूळ कामात ती चोख निघाली. सारखा वेग आणि सारखी सवड असलेली माणसे नेमकी एकत्र येतात, आणि पहाटे कितीही कंटाळा आला तरी बाकीचे खोळंबले असतील या जाणिवेने पाय घराबाहेर पडतात. नकाशा अधूनमधून अडखळतो, एवढीच तांत्रिक उणीव.

माझा आक्षेप आहे तो ‘येथे जिवाभावाचे मित्र मिळतील’ या जाहिरातीला. गटात जे जुळले ते साथीदारांचे नाते होते, आणि ते मी मुळीच कमी लेखत नाही. स्पर्धेत माझ्या पोटरीत गोळा आला तेव्हा गटातील एक जण स्वतःच्या वेळेवर पाणी सोडून माझ्या बाजूने चालत राहिला. परंतु माझ्या जागी गटातील दुसरे कोणी असते, तरी तो तसाच थांबला असता. साथीचे मोठेपण यातच आहे आणि तिची मर्यादाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेले अमेरिकी तत्त्वज्ञ जे. ग्लेन ग्रे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा भेद मांडला आहे : साथीदारीत माणसाचे ‘मी’पण समूहात विरून जाते, तर मैत्रीत त्याला स्वतःची ओळख अधिक लख्ख होते. रणांगण आणि शर्यत यांची बरोबरी अर्थातच होत नाही. तरी समान उद्दिष्ट सरले की बंध सैलावतो, हे आमच्या गटातही दिसले.

मैत्री जुळू लागली ती गटातील एकीशी. नोकरी सोडण्याची माझी कारणे शांतपणे ऐकून घेऊन, ‘यातले एकही खरे कारण नाही,’ असे तिने तोंडावर सांगितले. एरवी साथीदार या वाटेला जात नाहीत. त्यासाठी समोरच्या माणसाविषयीच आस्था लागते. मैत्रीची इच्छा झटकन होते, मैत्री होत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. येथे मात्र स्पर्धा संपताच गट बंद होतो आणि जुन्या सदस्यांना निरोपही पाठवता येत नाही. ही सोय कंपनीने तातडीने द्यावी, नाहीतर जाहिरातीतील ते वाक्य काढून टाकावे.

सरावासाठी पाचपैकी चार तारे.