मार्लिन ३३६ : जुनी लिव्हर रायफल पारखताना

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की बंदुकांच्या दुकानांत वापरलेल्या लिव्हर रायफली, म्हणजे खालचा दांडा (लिव्हर) खाली-वर करून काडतूस चढवायच्या रायफली, मांडल्या जातात आणि त्यांत मार्लिन ३३६ हमखास असते. १९४८ साली बाजारात आलेली ही रायफल बहुधा .३०-३० किंवा .३५ रेमिंग्टन काडतुसाची मिळते. दाट रानात शंभर-सव्वाशे यार्डांवरच्या हरणासाठी ती आजही पुरेशी आहे. दुकानदाराने सांगितलेली किंमत समोरच्या नगाला शोभते का, एवढेच पाहायचे असते.

वय काढणे त्या मानाने सोपे आहे. १९७३ पासून १९९०च्या दशकाअखेरपर्यंतच्या रायफलींवर कोरलेल्या अनुक्रमांकातले पहिले दोन अंक शंभरातून वजा केले की साल मिळते. सुरुवातीला २५ असेल तर रायफल १९७५ची. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून रिसीव्हरमध्ये, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या मधल्या धातूच्या भागात, काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याजवळ आडवा सुरक्षेचा खटका आला, म्हणून असा खटका असलेला नग कोणी साठच्या दशकातला म्हणून दाखवू लागला, तर तिथेच नमस्कार करून निघावे.

किमतीचा विचार मात्र सावकाश करावा लागतो. नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळ, लंबगोलातला 'जेएम' ठसा असेल तर ती रेमिंग्टन कंपनीने मार्लिन कंपनी विकत घेण्यापूर्वीची मानली जाते आणि ग्राहक त्या ठशाचे जादा पैसे मोजतात. ते मला पटते, पण तेवढ्यावर भुलू नये. रिसीव्हरच्या पोटाशी, जिथे रायफल हातात धरून चालतात तिथे, निळा मुलामा झिजून लोखंड चंदेरी दिसत असेल तर ती प्रामाणिक झीज आहे. उलट सगळीकडे सारखीच चकाकी असेल, कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील आणि स्क्रूंच्या खाचा उसवल्यासारख्या दिसत असतील, तर घासून पुन्हा मुलामा चढवला आहे असे समजावे. संग्राहकाच्या लेखी अशा नगाची किंमत बरीच उतरते. अक्रोडाच्या दस्त्याखाली काळी-पांढरी गोल टिकली जागेवर आहे का, दस्ता कापून मागे रबरी गादी बसवली आहे का, हेही पाहावे.

या रायफलीचा एक गुण मला फार आवडतो. ती रिकामी असल्याची खात्री करून लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर आणि पाठोपाठ बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता तुकडा) बाहेर येतो, त्यामुळे नळी मागच्या बाजूने पाहता आणि पुसता येते. विंचेस्टर ९४ या दुसऱ्या लिव्हर रायफलीत ही सोय नाही. तिथे नळी पुसायचा गज तोंडाकडून घालावा लागतो आणि निष्काळजी हातांनी नळीच्या तोंडाजवळच्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खोबण्या झिजतात. दुकानदार स्क्रू काढू देत नसेल तर भाव कितीही कमी असो, मी घेणार नाही.

शिकारीपुरतीच हवी असेल तर 'ग्लेनफिल्ड' नावाने विकलेली, बर्चच्या दस्त्याची आवृत्ती पाहावी. यंत्रणा तीच, दिसायला साधी, आणि भाव सहसा कमी.