जावातले लॅम्डा : आठ महिने वापरल्यानंतर

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीखरेदीचा हिशोब, लॉटनिहाय वजन, क्विंटलमागे भाव. प्रोग्रॅम जावा 17 मध्ये. जुने अनामिक क्लास काढून लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची छोटी मेथड) घातल्याला आठ महिने झाले. पाच ओळींचं काम एका ओळीत होतं, यात वाद नाही. डोकं खातात ते टाइप, म्हणजे कुठली गोष्ट कोणत्या प्रकारची हे.

लॅम्डाला स्वतःचा टाइप नसतो. तो ज्या जागी जाऊन बसतो, तिथला इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात ते सांगणारा साचा) हाच त्याचा टाइप, आणि त्या इंटरफेसमध्ये अमूर्त, म्हणजे आत कोड नसलेली, मेथड एकच हवी. 'ल -> ल.वजन() > 100' हे प्रेडिकेटच्या (हो-नाही सांगणारा इंटरफेस) जागी ठेवलं तर प्रेडिकेट, फंक्शनच्या (एक घेऊन दुसरं देणारा इंटरफेस) जागी ठेवलं तर फंक्शन. म्हणूनच ते 'व्हार'ला (टाइप न लिहिता केलेलं व्हेरिएबल) दिलं की कम्पायलर हात वर करतो. ऑब्जेक्टलाही (सगळ्या क्लासांचा मूळ क्लास) चालत नाही. (जावाला देवनागरी नावं चालतात, पण कीबोर्ड बदलता बदलता जीव जातो. इथे फक्त समजायला.)

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सॉर्टने, म्हणजे क्रम लावण्याने. 'लॉट्स.सॉर्ट(कंपेअरिंग(ल -> ल.भाव()))' बिनतक्रार चालतं. भाव उतरता हवा म्हणून मागे '.रिव्हर्स्ड()' जोडलं की एरर : ऑब्जेक्टमध्ये 'भाव' नावाची मेथडच नाही! कारण सॉर्टला काय हवंय ते आता रिव्हर्स्डपाशीच अडतं, आतल्या कंपेअरिंगपर्यंत पोचत नाही. मग 'ल' कोण, हे ठरवायला काहीच हाती नसतं, आणि तो ऑब्जेक्ट धरला जातो. इलाज सोपा : '(लॉट ल) -> ल.भाव()' असा टाइप लिहा, नाहीतर लॅम्डाऐवजी थेट मेथडचं नाव, 'लॉट::भाव', द्या. दुसरा जास्त वाचनीय.

ओव्हरलोडचा, म्हणजे एकाच नावाच्या अनेक मेथडचा, फटका वेगळा. 'बेरीज' नावाच्या दोन मेथड, एक फंक्शन घेणारी, दुसरी टूडबलफंक्शन (डबल, म्हणजे दशांश संख्या, देणारा इंटरफेस). टाइप न लिहिलेला लॅम्डा दिला की कॉल संदिग्ध ठरतो. '(लॉट ल)' लिहिलं आणि वजन डबल असलं की दुसरी निवडली जाते. तरी नावंच वेगळी ठेवणं बरं. जावाच्या लायब्ररीत कंपेअरिंगइंट आणि कंपेअरिंगडबल अशी नावं आहेत ती उगीच नाहीत.

फाइल वाचणारा कोड मात्र लॅम्डात कोंबू नये. फंक्शनच्या मेथडला 'थ्रोज' (एरर बाहेर सोडण्याची मुभा) नाही, त्यामुळे आतच ट्राय-कॅच (एरर तिथेच पकडणारा कोड) लिहावा लागतो आणि एका ओळीची मजाच जाते.

सी-शार्प या दुसऱ्या भाषेत आवृत्ती 10 पासून पॅरामीटरचा टाइप लिहिला की लॅम्डा थेट 'व्हार'ला देता येतो. जावात अजून नाही.