रोज शाळा-ऑफिस, कधीतरी ओढा: घरासाठी कोणती फोर-बाय-फोर?

घरासाठी गाडी शोधायला लागलं की पहिल्या आठवड्यात ग्राउंड क्लिअरन्सचे, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचे, आकडे पाठ होतात, दुसऱ्यात टॉर्कचे, आणि तिसऱ्या आठवड्यात आपण रात्री एक वाजता कुणीतरी दगडांवर गाडी चढवतानाचे व्हिडिओ बघत बसलेलो असतो. माझंही तेच झालं. त्या व्हिडिओतल्या गाडीत मागच्या सीटवर कधीच कुणी बसलेलं नसतं, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

म्हणून गाड्यांकडे वळण्याआधी एक प्रश्न. आजवर तुम्ही कुठल्या जागेवरून गाडी परत फिरवली आहे, आणि ती जागा पार करायची तुम्हाला खरंच किती हौस आहे? खडीचा रस्ता, ओलं गवत, घोट्याएवढा चिखल, रस्त्यावर साचलेला बर्फ यांच्यापुढे जायचं नसेल तर निम्मी यादी इथेच गळते. सुटी वाळू, दगडी चढ, ओढ्याची तुटलेली काठं हा तुमचा वर्षभराचा कार्यक्रम असेल तर उरलेली निम्मी गळते. दोन्हींच्या मधली सीमारेषा बहुतेक वेळा एकाच गोष्टीने ठरते: लो रेंज, म्हणजे गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारे जादा गिअर. बाजारातल्या गाड्या मी चार गटांत पाडतो.

मोनोकॉक, ऑल-व्हील ड्राइव्ह, लो रेंज नाही

सुबारू फॉरेस्टर, आउटबॅक, टोयोटा राव्ह-४ वगैरे. बॉडी आणि सांगाडा एकच, चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, आणि चारही चाकांना ताकद आपोआप जाते, ड्रायव्हरला काही जोडावं लागत नाही. रोजच्या वापरात या गटाला तोड नाही. वळणावर गाडी झुकत नाही, मागे बसलेल्यांचं पोट ढवळत नाही, इंधन कमी लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला आत चढताना कुणाचा हात धरावा लागत नाही. हा शेवटचा मुद्दा माहितीपत्रकात नसतो, पण तो दिवसातून चार वेळा येतो.

फॉरेस्टरचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी आहे आणि पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल असलेल्या सुझुकी जिम्नीचा २१०. आकडा वाचून लोक खुश होतात, आणि इथेच फसतात. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी माणसांनी आणि सामानाने भरली की बसते, आणि बसली की पोटाखालची जागाही तेवढी कमी होते. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच ताठ दांड्याला जोडलेल्या गाडीत, सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर यात असतात). तो चाकांच्या बरोबरीने वर-खाली होतो, त्यामुळे त्याची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. शिवाय बंपरच्या कोनाचा प्रश्न आहे. पुढचा कोन, म्हणजे बंपर न टेकता किती तीव्र चढाला भिडता येतं ते माप, फॉरेस्टरचा साधारण २० अंशांचा, तीन दारांच्या जिम्नीचा ३७. पोट अडकायच्या कितीतरी आधी नाक अडकतं.

दुसरी अडचण उष्णतेची. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या चाकांना ताकद एका क्लचमार्फत जाते. खोल वाळूत पाच-दहा मिनिटं झगडलं की तो क्लच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देतो. डॅशबोर्डवर इशारा उमटतो आणि आपण पुढच्या दोन चाकांवर वाळूत उभे राहतो. २०१९ च्या राव्ह-४ हायब्रिडमध्ये तर पुढून मागे ताकद नेणारा शाफ्टच नाही. मागची चाकं ४० किलोवॉटची एक वेगळी मोटर फिरवते. ओल्या चढावर ती उत्तम साथ देते. लांबलचक वाळूसाठी ती बनवलेलीच नाही.

मी स्वतः अशाच एका गाडीत एकदा तिरका चर ओलांडत होतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं झालं. गाडी थांबली. हवेतली चाकं गरगर फिरत होती, खालून एबीएसच्या पंपाचा टकटक आवाज येत होता आणि मागून धाकट्याचा प्रश्न, "बाबा, गाडी मोडली का?" ट्रॅक्शन कंट्रोल सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून त्याच्या जोडीच्या चाकाकडे ताकद वळवतं, पण त्यासाठी ते चाक आधी फिरावं लागतं. म्हणजे आधी घसरगुंडी, मग मदत. अ‍ॅक्सिलरेटर घाबरून सोडला की मदतही थांबते. गाडी दोन हात मागे घेऊन, पाय तसाच दाबून धरून निघालो. निघालो हे खरं, पण बंपरखालचं प्लास्टिक तिथेच राहिलं.

लॅडर फ्रेम, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सलग अ‍ॅक्सल

टोयोटाच्या फॉर्च्युनर आणि प्राडो म्हणजे लँड क्रूझर २५०, महिंद्राची थार रॉक्स, मित्सुबिशीची पजेरो स्पोर्ट या गटातल्या. मजबूत चेसिसवर बॉडी बसवलेली, आणि फोर-बाय-फोर आवृत्तीत लो रेंज असतेच.

लो रेंज म्हणजे मुख्य गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली गिअरची आणखी एक जोडी. तिचं प्रमाण २:१ असेल तर इंजिन तेवढंच फिरतं, गाडी निम्म्या वेगाने चालते आणि चाकाशी जोर दुप्पट मिळतो. जिम्नीत हे प्रमाण साधारण २:१ आहे, जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये ४:१. लोकांना वाटतं हे चढासाठी असतं. माझ्या मते त्याची खरी किंमत उतारावर कळते. ओल्या मातीच्या उतारावर ब्रेक लावला की चाकं लॉक होतात आणि गाडी घसरते. फोर-लो मध्ये पहिला गिअर टाकून दोन्ही पाय मोकळे ठेवले तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. गाडीत मुलं असताना ही शांतता लाखमोलाची.

पण एक बारकावा खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. मला तर एका विक्रेत्याने ऑल-व्हील ड्राइव्ह आणि फोर-बाय-फोर "एकच हो साहेब" असं सांगून टाकलं होतं. पार्ट-टाइम, म्हणजे ड्रायव्हरने हवी तेव्हा जोडायच्या, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर त्याला घसरता येत नाही, मग सगळी यंत्रणा आवळत जाते, स्टिअरिंग जड होतं आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी उड्या मारते. म्हणजे रस्त्यावर अशी गाडी फक्त मागच्या चाकांवर चालवायची. मुसळधार पावसात, जेव्हा चारही चाकं हवीशी वाटतात, तेव्हा ती वापरता येत नाहीत. काही तुकडे ओले, काही कोरडे असतील तर नाहीच.

लँड क्रूझर २५० मध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल असल्यामुळे चारही चाकं कायम चालू राहतात. मित्सुबिशीच्या सुपर सिलेक्टमध्ये ती हवी तेव्हा डांबरावरही जोडता येतात. रोज एकच गाडी चालवणाऱ्या घरासाठी हा फरक डिफ लॉकपेक्षा (डिफरन्शिअल बंद करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपापेक्षा) मोठा आहे, असं मला वाटतं. फॉर्च्युनर बहुतेक ठिकाणी पार्ट-टाइमच मिळते.

या गटाची किंमत मागच्या सीटवर मोजावी लागते. जड अ‍ॅक्सल खड्ड्यात आदळतो तेव्हा त्याचा धक्का थेट मणक्यात जातो, आणि गाडी रिकामी असताना जास्तच. तिसरी रांग असली तरी तिथे गुडघे हनुवटीला लागतात, कारण खाली अ‍ॅक्सलला जागा द्यायची म्हणून फ्लोअर उंच असतो. फॉर्च्युनर फोर-बाय-फोरचं वजन दोन टनांच्या पुढे जातं, आणि ते वजन ब्रेक, टायर आणि टाकी या तिघांकडून वसूल होतं.

लॅडर फ्रेम म्हणजे असुरक्षित, हा समज मात्र आता सोडायला हरकत नाही. थार रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले.

दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल

इथे मन घुटमळतं. जीप रँग्लर आणि सुझुकी जिम्नी. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली ढकललं जातं, त्यामुळे चाकं जमीन सोडत नाहीत. रुबिकॉनला पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक आहेत आणि पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीला झुकू न देणारा दांडा, बटणाने सुटतो. कारखान्यातून थेट दगडांवर जाणाऱ्या गाड्या फार थोड्या, त्यातली ही एक.

आता घर म्हणून बघा. २०१८ मध्ये युरोपातल्या तशाच धडक-चाचणीत युरो एनकॅपने रँग्लरला एक तारा दिला आणि जिम्नीला तीन. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या २०२० च्या चाचणीत पुढच्या कोपऱ्यावर धडक देताना चार दारांची रँग्लर कुशीवर कलंडली होती. मुलांना मागे बांधून रोज हायवेवर जाणाऱ्याने हे वाचूनच पुढे जावं. शिवाय सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगला सारखी किरकोळ दुरुस्ती देत राहावं लागतं. एकट्याला त्यात मजा येते. शेजारी झोपलेल्या माणसाला येत नाही.

जिम्नीची गोष्ट वेगळी. वजन जेमतेम ११०० ते १२०० किलो, त्यामुळे जड गाड्या रुततात तिथून ती तरंगत जाते. तीन दारांची जिम्नी ४.९ मीटर त्रिज्येत वळते, गल्लीबोळात तिच्यासारखी दुसरी नाही. पण मागची सीट उभी असताना सामानाला ८५ लिटर जागा, म्हणजे दोन दप्तरं आणि एक डबा. म्हणून पाच दारांची आणली. व्हीलबेस २२५० चा २५९० मिमी झाला, डिकी २०८ लिटरची झाली, आणि त्याच कारणाने पोटाखालचा कोन २८ वरून २४ अंशांवर आला. घरासाठी गाडी लांबवली की उंचवट्यावर पोट टेकणारच. आणि गंमत म्हणजे पाच दारं आली तरी सीट चारच.

चौघांचं घर, प्रवास छोटे, सामान कमी आणि दुसरी गाडी दारात असेल तर जिम्नी घ्या, आनंदाने. एकमेव गाडी म्हणून मी घेणार नाही.

मोनोकॉक आणि तरीही लो रेंज

या गटात मुख्यतः २०२० ची लँड रोव्हर डिफेंडर. अ‍ॅल्युमिनिअमचा मोनोकॉक, एअर सस्पेन्शन, लो रेंज, आणि युरो एनकॅपचे पाच तारे. सस्पेन्शन वर उचललं की क्लिअरन्स २९१ मिमी होतो आणि गाडी ९०० मिमी पाण्यातून जाऊ शकते. आई चढताना तीच गाडी खाली बसते. कागदावर सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच गाडीत. मला खटकतं ते एवढंच की ही उत्तरं सेन्सर, कॉम्प्रेसर आणि हवेच्या पिशव्यांवर उभी आहेत. सर्व्हिस सेंटर जवळ असेल आणि वॉरंटी संपल्यावरच्या खर्चाची तयारी असेल तर हिच्याइतकी घरातल्या सगळ्यांना मानवणारी गाडी नाही. चार दिवस माणूस दिसणार नाही अशा ठिकाणी जायचं असेल तर मी दुसऱ्या गटातलीच साधी, स्टीलच्या स्प्रिंगवरची गाडी नेईन.

टायर

चारही गटांना लागू असलेली, आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चांगले ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, टायर लावलेली फॉरेस्टर, हायवे टायरवरच्या फॉर्च्युनरला चिखलात लाजवते. लो रेंजने जोर वाढतो, पकड वाढत नाही. मड टायर मात्र घरच्या गाडीला लावू नका. ओल्या डांबरावर गाडी उशिरा थांबते आणि हायवेवर दिवसभर गुणगुण ऐकावी लागते.

हवेचंही तसंच. रस्त्यावर ३३ पीएसआय ठेवत असाल तर सुट्या वाळूत १८ पर्यंत उतरवा. टायर चपटा होऊन जमिनीवर लांब पसरतो आणि रुतलेली गाडी बाहेर येते. पुन्हा डांबरावर येताच हवा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणजे छोटा कॉम्प्रेसर जवळ हवाच, आणि त्याचा खर्च डिफ लॉकच्या मानाने काहीच नाही.

माझं मत

वर्षातून तीन-चारदा कच्च्या रस्त्याला लागणाऱ्या घराने पहिल्या गटातली गाडी आणि ऑल-टेरेन टायर घ्यावेत. उरलेले तीनशेसाठ दिवस सगळे खुश राहतात. महिन्यातून एकदा तरी वाळू किंवा दगडी चढ असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर दुसरा गट, आणि त्यातही कायम चार चाकांवर चालणारी गाडी आधी बघा. "घेऊन ठेवू, कधी लागली तर" म्हणून लो रेंज घेणाऱ्यांच्या गाड्यांत तो लिव्हर वर्षानुवर्षे हलत नाही, हे मी पाहिलं आहे.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरचे सगळे घेऊन जा, चाइल्ड सीट घेऊन जा, आणि ती स्वतः बसवून बघा. वाटेतल्या एका खराब तुकड्यावर तुम्ही मागे बसा आणि चालवायला दुसऱ्याला द्या. परत आल्यावर गाडीखाली वाका आणि ओढण्यासाठी हुक कुठे आहे ते शोधा. चेसिसला बोल्ट केलेला, बोटाएवढ्या जाडीचा हुक दिसला तर ठीक. बंपरमधली टोपी काढून स्क्रूसारखा फिरवून बसवायचा हुक असेल, तर तो बंद पडलेली गाडी रस्त्यावरून हळू ओढायला किंवा ट्रकवर चढवायला असतो. चिखलात रुतलेली गाडी झटक्याने ओढली की तो तुटून गोळीसारखा सुटतो. तसा हुक असलेली गाडी घेतलीत तर फावडं आणि ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या खाचदार फळ्या) त्याच दिवशी घ्या. आणि डिकीचा पत्रा उचलून खाली पूर्ण मापाचं स्पेअर चाक आहे की पंक्चरची बाटली, तेही बघून घ्या.