चारशे बारावा दिवस: बनावट लेस पॉल आणि न आलेला बेस

फसवणुकीत गेलेल्या पैशांचा आकडा आधी लिहितो, कारण दोन महिने तो घरीसुद्धा खरा सांगितला नव्हता. एक लाख पासष्ट हजार सहाशे रुपये. त्यातले ९८,८०० बनावट गिब्सन लेस पॉल गिटारीचे आणि ६६,८०० कधीच न आलेल्या फेंडर जॅझ बेस गिटारीचे.

मी बेस वाजवतो. आम्ही पाचजण नोकरदार रविवारी सकाळी कोथरूडला एकाच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. कॉलेजात घेतलेल्या गिवसनपासून (गिब्सन नव्हे, ही आपल्याकडची स्वस्त गिटार) धरलं तर माझ्याकडे आज सात गिटार आहेत, त्यातले तीन बेस. म्हणजे मी नवखा नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण "न बघता घेतलीसच कशाला?" हे आता जो तो ऐकवतो. अहो, जुनी चांगली वाद्यं आपल्याकडे मिळतातच अशी. अमेरिकन लेस पॉल दुकानातून नवी घ्यायची तर बऱ्याचदा दोन लाखांच्या पुढे जाते. पगारदार माणसाने कुठून आणायचे?

विक्रेता परराज्यातला. वडिलांच्या बँडची वाद्यं आहेत, कॅनडाला निघालोय, म्हणून विकतोय, असं सांगत होता. गोष्ट जुनीच आहे, तुम्हीही ऐकली असेल. पण हा माणूस व्हिडिओ कॉलवर स्वतः वाजवून दाखवायचा. पिकअप, लाकूड, जुन्या पॉलिशचा वास, यावर माझ्याशी तासतास बोलला. घरात आपल्या या वेडाबद्दल कोण ऐकून घेतं? ऐकणारा भेटला आणि मी विरघळलो.

१०,००० टोकन, मग ८६,५०० रुपये आयएमपीएसने, वर २,३०० पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे. टोकन पाठवताना समोर एका बाईचं नाव आलं होतं. "बहिणीचं खातं आहे," म्हणाला. बोलणाऱ्याचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा. मी थांबलो नाही.

गिटार आली. होय, खरोखर आली, आणि ती आल्यानेच पुढचा सगळा घात झाला. चार दिवस ती माझ्या मांडीवर होती. हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारीच्या डोक्यावर, ट्रस रॉडचं (मानेतल्या सळीचं) झाकण असतं, त्याला तीन स्क्रू होते. गिब्सनच्या झाकणाला दोनच असतात. हे मला माहीत होतं, आमच्यातल्या एकाला मीच कधीतरी शिकवलं होतं! तरी मी मनाशी म्हटलं, कुणीतरी झाकण बदललं असेल. ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, जाड, खाचेच्या स्क्रूंवर उभा होता, तेही "बदललं असेल". पैसे गेल्यावर डोळे बघतात, पण मन कबूल करत नाही. त्या चार दिवसांचा मला जितका राग येतो तितका त्या माणसाचाही येत नाही.

आणि सिरियल नंबर. ०४१२२५१८. गिटार २००२ची म्हणून विकली होती. त्या काळातल्या गिब्सनच्या आठ आकडी नंबरात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, आणि दुसरा, तिसरा, चौथा मिळून वर्षातला दिवस. पहिला शून्य, पाचवा दोन, म्हणजे २००२, बरोबर. मधले आकडे ४१२. वर्षाचा चारशे बारावा दिवस! मी बावीस वर्षं हिशेबखात्यात काढली आहेत. एका रुपयाची तफावत मला झोपू देत नाही. या नंबराचा फोटो गिटार येण्याआधी नऊ दिवस माझ्या फोनमध्ये होता, आणि मी वर्ष जुळतंय एवढंच पाहिलं. नंबर मागवा आणि प्रत्येक आकडा तपासा. अर्थात, बनावटवाले खरा नंबरही छापतात, म्हणून नुसता नंबर जुळला तरी पैसे सोडू नका.

तर गिटार आली म्हणून विश्वास बसला, आणि पाचव्या दिवशी जपानमध्ये बनलेल्या फेंडर जॅझ बेससाठी मी आधी ४०,००० आणि मग २२,००० पाठवले. नंतर "परत मिळणारा विमा" म्हणून ४,८००. ट्रान्सपोर्टचा विमा परत मिळतो असं कुठे असतं का? पण तेव्हा ६२,००० अडकले होते. त्यानंतर फोन बंद.

तरी अकरा दिवस मी वाट बघत बसलो. हे करू नका. पैसे गेल्याचा संशय आला की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं.

लेस पॉल गिटार दुरुस्तीवाल्या काकांकडे सेटअपला दिली तेव्हा त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला आत बोलावलं. बारीक वायरी, आवाजाच्या बटणांखालचे पॉट बोटाच्या पेराएवढे. मानेच्या कडेच्या पट्टीवरून, म्हणजे बाइंडिंगवरून, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर आलेली. त्या काळच्या खऱ्या गिटारीत बाइंडिंगच फ्रेटच्या टोकाला झाकतं. हेडस्टॉकच्या मागे सांधा दिसत होता, खऱ्या लेस पॉलची मान तिथे जोडलेली नसते. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग पोलीस चौकी. पहिला प्रश्न: "गिटार मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, बनावट आहे. "वाजत नाही का?" वाजते, साहेब. "मग?" सोन्याच्या भावाने पितळ विकलं तर हेच विचारणार का तुम्ही? तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, वस्तू हातात आली आहे, दिवाणी बाब आहे, वकील करा. बेसचं काय? तो तर आलाच नाही! त्यावर, विक्रेता जिथला आहे तिथे जा. हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. मी ती छापून नेली होती. त्यांनी कागद उलटा टेबलावर ठेवला आणि उद्या या म्हणाले. असे चार "उद्या" झाले, चार अर्ध्या रजा गेल्या. बँकेत उत्तर मिळालं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बरोबर आहे, मीच पाठवले. पण ते खातं तुमच्यासारख्याच एका बँकेने उघडून दिलं ना? त्याची कागदपत्रं कुणी तपासली? यावर साधं लेखी उत्तरसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात, मला पाठवलेल्या फोटोत होती त्याच निळ्या चौकड्यांच्या चादरीवर तशीच एक लेस पॉल पुन्हा विकायला लागली आहे, १,०५,००० रुपयांना. चादर ओळखायला चुकणार नाही, एका कोपऱ्यात तिला इस्त्रीचा डाग आहे. फोटो मागताना आजची तारीख लिहिलेला कागद गिटारीवर ठेवायला सांगा. शक्य असेल तर त्या शहरातल्या कुणा वाजवणाऱ्याला पाठवून झाकण उघडून बघा, मगच पैसे द्या. माणूस कितीही गोड बोलला तरी.

काकांनी ही गिटार गिब्सनची नाही, असं सहीनिशी लिहून दिलं आहे. एक रुपयाही घेतला नाही. आता चौकीत मंगळवारी बोलावलंय. गिटार घेऊन या म्हणालेत.