एआय एजंटाच्या हाती दिलेले डॉक्युमेंटेशन : तीन साधनांची पारख

लातूरच्या अडत बाजारात सोयाबीन आणि तुरीचा जो व्यवहार चालतो, त्याची शेतकऱ्याला द्यायची पट्टी संगणकावर तयार होईल अशी प्रणाली आम्ही बनवतो. मालाचे वजन, भाव, हमाली, तोलाई असा सगळा हिशोब एका कागदावर उतरतो आणि त्यातल्या एकाही आकड्याची चूक खपत नाही. या कामातला बराचसा कोड आता एआय एजंटाकडून, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून करणाऱ्या एआय प्रोग्रामकडून, लिहून घेतला जात असल्यामुळे, साधनांचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती कशी वापरावीत याची लेखी माहिती, एजंटाला कितपत पुरते हे तपासणे मला गरजेचे वाटले. पद्धत साधी ठेवली. एजंटाला त्या साधनाची अधिकृत पानेच द्यायची, इतरत्र शोधण्याची मुभा द्यायची नाही आणि पट्टीशी संबंधित एक काम सांगायचे.

माणूस अडला की पुण्यातल्या मित्राला फोन लावतो किंवा विक्रेत्याच्या माणसाला विचारतो. एजंट मात्र पानावर जे नाही ते बहुतेक वेळा अंदाजाने भरून पुढे जातो, आणि तो अंदाज कोडमध्ये इतक्या सफाईने बसलेला असतो की वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतो. म्हणून जिथे अंदाज करण्याचा मोह होतो, नेमक्या त्याच जागी पानावर स्पष्ट उत्तर असावे, ही माझी मुख्य कसोटी होती.

नोंदी साठवणारा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल या कसोटीवर उत्तम उतरतो. एकच पावती दोनदा नोंदवली जाऊ नये, हे काम एजंटाला दिले होते. नवी नोंद घालणाऱ्या ‘इन्सर्ट’ आज्ञेच्या पानावर, नोंद आधीच असेल तर काय करावे हे सांगणाऱ्या ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’चे नियम उदाहरणांसह दिलेले आहेत आणि कोणत्या रूपात कोणती माहिती देणे बंधनकारक आहे तेही तिथेच सांगितले आहे. रकमेसाठी ‘न्यूमरिक’ हा प्रकार वापरावा अशी शिफारस त्या प्रकाराच्या वर्णनातच असल्याने एजंटाने दशांश अंदाजे साठवणारा ‘फ्लोट’ हा प्रकार निवडला नाही. सर्वांत मोलाची गोष्ट त्रुटींच्या परिशिष्टात आहे. त्रुटीचा मजकूर आवृत्तीनुसार किंवा भाषेनुसार बदलू शकतो, म्हणून प्रोग्रामने मजकूर न वाचता पाच अक्षरी संकेतांक तपासावा, असे ते परिशिष्ट सांगते. दुबार नोंदीसाठी २३५०५ हा संकेतांक आहे आणि एजंटाने तोच वापरला. उणीव एवढीच की काही पाने फार लांबलचक आहेत, आणि एजंटाला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असल्याने कामाचा भाग निवडून देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

दुसरे साधन स्ट्राइप, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा. ते आमच्या अडत व्यवहारात वापरले जात नाही, तरी एजंटासाठी लिहिण्याचा नमुना म्हणून त्याचे डॉक्युमेंटेशन पाहिले. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट एमडी’ जोडले की पान साध्या मजकुरात मिळते. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात द्यायची, म्हणजे १० रुपयांसाठी १००० लिहायचे, ही सूचना रकमेच्या रकान्याच्या वर्णनातच आहे. ती दुसऱ्या कुठल्या प्रकरणात शोधावी लागत नाही. मागणी दोनदा गेली तरी पैसे एकदाच कापले जावेत यासाठीची ‘आयडेम्पोटन्सी की’, तिची २५५ अक्षरांची मर्यादा आणि त्याच कीसोबत वेगळी माहिती पाठवल्यास काय होते, हे सारे एका ठिकाणी आहे. एजंटांसाठीच्या त्यांच्या फाइलमध्ये जुने ‘चार्जेस’ एपीआय (प्रोग्रामने सेवेकडे मागणी पाठवण्याचा मार्ग) सुचवू नये असेही स्पष्ट लिहिले आहे. एजंटामागच्या एआय मॉडेलने शिकताना जुनी उदाहरणे भरपूर वाचलेली असतात. काय वापरू नये हे सांगितल्याशिवाय ती मागे हटत नाहीत, आणि ही गरज फार थोड्या कंपन्यांनी ओळखली आहे.

अशा फाइलची, म्हणजे ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ची, कल्पना एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडली. आज अनेक संकेतस्थळांवर ती दिसते, पण पुष्कळदा ती नुसती दुव्यांची यादी असते. मूळ पानच अपुरे असेल तर त्या यादीने काही साधत नाही.

तिसरे साधन आमच्या रोजच्या कामातले : इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. विक्रेत्याचे नाव देत नाही. त्याची माहितीपुस्तिका म्हणजे छापील पानांच्या फोटोंची पीडीएफ असून तिच्यातला मजकूर निवडताही येत नाही. एका पानावर काटा संगणकाला जोडणाऱ्या सिरियल पोर्टचा वेग २४००, तर दुसऱ्यावर ९६००. काट्याकडून येणाऱ्या ओळीत ‘०५२४०’ असे अंक असतात, परंतु दशांशचिन्ह कुठे धरायचे हे कुठेच लिहिलेले नाही. एजंटाने ५२४.० किलो धरले; कट्ट्याचे (पोत्याचे) खरे वजन ५२.४० किलो होते. कोड नीटनेटका होता आणि एजंटाने स्वतः रचलेल्या चाचण्यांत उत्तीर्णही झाला, कारण त्या चाचण्याही त्याच अंदाजावर उभ्या होत्या. दशांशाची चूक निदान डोळ्यांना दिसते. काटा अजून हलतो आहे की स्थिर झाला आहे, हे सांगणारे अक्षर ओळीत येते, पण त्याचा अर्थ पुस्तिकेत नाही. हलत्या काट्यावरचे वजन पट्टीवर गेले तर किलो-दोन किलोचा फरक पडेल, तो कोणाच्या लक्षात येणार नाही आणि प्रत्येक कट्ट्यामागे शेतकऱ्याचे किंवा अडत्याचे नुकसान होत राहील.

काटा म्हणून हे यंत्र अचूक आहे आणि घेण्यासारखे आहे. एजंटाच्या हाती देण्याजोगे त्याचे डॉक्युमेंटेशन मात्र नाही. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून फोनवर खात्री करून घेऊन पोर्टचा वेग, दशांशाची जागा, स्थिरतेचे अक्षर आणि ओळ तुटक आल्यास काय करावे, एवढेच मी एका पानावर साध्या मजकुरात लिहिले. ते पान दिल्यावर एजंटाने स्थिर झालेलेच वजन घेणारा आणि तुटक ओळ नाकारणारा कोड लिहिला. हेच पान पुस्तिकेत समाविष्ट करावे, अशी लेखी विनंती विक्रेत्याला केली आहे.