पाठ केलेलं भाषण की मुद्द्यांवरून बोलणं?

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ इथंच झालं. त्यामुळे की काय, कॉलेजच्या वक्तृत्वात पाठ भाषणाचा रुबाब मोठा. वेळ नेमकी साधते, शब्द चुकत नाहीत. पण एक वाक्य निसटलं की पोरगं छताकडे बघत राहतं, हात मात्र ठरल्या जागी वर जातोच!

दुसरी पद्धत: पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार शब्द, बाकी समोरच्यांकडे बघत बोलायचं. ‘म्हणजे’, ‘तर’ फार येतात, वेळ हुकते. तरी मागचा बाक चुळबुळला की उदाहरण बदलता येतं. वर्गात शिकवायला मी हीच धरेन. लोक कसे बोलतात याच्या संशोधनासाठी रेकॉर्डिंग करायचं तरीही. अडखळणं, थांबणं, सावरणं यातच तपासण्यासारखं जास्त सापडतं. स्पर्धेची ढाल हवी असेल तर मात्र पाठांतर करा.